कोरडी जागा

मालिशच्या टेबलावर पालथं पडण्याआधी मीनलताईंनी मनगटावरचं घड्याळ बघून ठेवलं. दहा वाजून चार मिनिटं. साठ मिनिटं म्हणजे साठ मिनिटं. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला हे यंत्राचे हात थांबले तर तिथल्या तिथे विचारायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. पेट्रोलपंपवाल्यांपासून सोनारांपर्यंत भल्याभल्यांना घाम फोडून त्या निवृत्त झाल्या, पण पर्समधली मोजपट्टी काही निवृत्त झाली नव्हती.

छतातून दोन हात खाली आले. रबरासारखे मऊ, कोमट, तेलाने ओले. डावा तळहात आधी मानेवर नुसता टेकला, क्षणभर थांबला आणि मग अंगठा बरोब्बर त्या जागी गेला जिथे मीनलताईंची मान गेली दोन वर्षं धरली होती. कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं, पण हात चांगले होते. साठाव्या मिनिटाला थांबले. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. मीनलताईंना त्याचाही संशय आला.

हे सगळं खूळ धाकट्या बहिणीचं, शीतलचं. शीतल कल्याणच्या शाळेत गणित शिकवायची, वय चोपन्न. नवरा गेल्यापासून ती ताईकडेच राहायची. फळ्यावर लिहून लिहून खांदा धरलाय, पाठ दुखते, असं वर्षभर चाललं होतं. शेवटी तिने दोघींचं पाच दिवसांचं बुकिंग केलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या ऊनतळे गावच्या 'जलनिवास'मध्ये. गावात गरम पाण्याचे झरे, त्यांच्यावर बांधलेला हा स्पा, आणि योजनेचं नाव काय, तर 'माहेरपण'.

येताना बसमध्ये मीनलताईंनी माहितीपत्रक दोनदा वाचलं. स्पा म्हणजे सगळे सारखेच, असा त्यांचा समज होता, तो चुकीचा निघाला. एक दिवसाचा स्पा, शहरात मॉलमध्ये तासाभरासाठी जाऊन यायचा. एक निवासी, चार दिवस राहून करायचा. एक झऱ्याचा, जिथे पाणी जमिनीतूनच तापून येतं. आणि एक वैद्यकीय, जिथे डॉक्टर असतात, तपासण्या होतात आणि परवाना वेगळा लागतो. जलनिवास निवासी होता, झऱ्याचा होता, आणि 'वैद्यकीय नाही' असं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं. मीनलताई कुठलाही कागद बारीक अक्षरांपासूनच वाचायला घेत.

उपचारांची नावं वाचून तर त्यांचं डोकंच फिरलं. हायड्रोथेरपी म्हणजे गरम कुंडात बसून राहायचं. बॉडी रॅप म्हणजे अंगाला चिखल फासून चादरीत गुंडाळून ठेवायचं. मिठाची खोली, वाफेची पेटी, कपाळावर तेलाची धार. म्हणजे आपलं लोणचं घालणार आहेत, असं त्या शीतलला म्हणाल्या. शीतल हसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ताईच्या संशयाला ती लहानपणापासून सरावलेली होती.

मालिश झाल्यावर अंघोळीची सोयही आपोआपच होती. काचेच्या कप्प्यात जाऊन दार लावायचं, मग आतून साबणाचा फवारा, गरम पाणी, गरम हवा, नव्वद सेकंदांत माणूस स्वच्छ होऊन बाहेर. दार बाहेरून बंद होतं हे पाहिल्यावर मीनलताई म्हणाल्या, मी नाही जायची. शीतललाही त्यांनी जाऊ दिलं नाही. बायकांच्या कुंडाच्या पायरीवर दोघी बसल्या आणि मीनलताईंनी घरून आणलेला तांब्या काढला. लहानपणी दिवाळीला घालायच्या तसं त्यांनी धाकटीच्या पाठीवर पाणी घातलं.

पाणी तेलकट पाठीवरून थेंबाथेंबाने पळालं. एका जागी मात्र पळालं नाही. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तळव्याएवढी एक जागा होती, तिथे पाणी नुसतं पसरलं आणि मुरल्यासारखं झालं. मीनलताईंनी बोट फिरवून पाहिलं. कोरडी. तेलाचा टिपूसही नव्हता.

झालं. चोर सापडल्याचा जो आनंद त्यांना नोकरीत व्हायचा, तोच झाला. त्यांनी मोजपट्टी काढून ती जागा मोजली, नऊ सेंटिमीटर बाय सात. शीतल म्हणत होती, जाऊ दे गं, एवढंसं राहिलं असेल. एवढंसंच राहतं, मीनलताई म्हणाल्या, सगळीकडे एवढंसंच राहतं. मग शीतलला त्यांची पाठ तपासायला लावली. त्यांच्या अंगाला केसाएवढी जागासुद्धा सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालिशला त्या शीतलच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. हात मानेवरून खांद्यावर आले, उजवा फरा चोळला, डाव्या फऱ्याशी आले. तिथे डावा तळहात टेकला. थांबला. बोटांच्या टोकांनी तीनदा दाबल्यासारखं केलं आणि ती जागा टाळून, कडेकडेने वळसा घेऊन खाली कमरेकडे निघून गेला. पुन्हा फिरून आला तेव्हाही तसंच. कुंडावर पाणी घातलं तर कोरडी जागा तिथेच, नऊ बाय सात.

व्यवस्थापक ओजस रेगे हा तिशीतला, गोड बोलणारा माणूस होता. गोड बोलणाऱ्यांचं मीनलताईंना वावडं. त्याने तक्रार पूर्ण ऐकून घेतली आणि वाद न घालता मान्य करून टाकली. म्हणाला, हा दोष आम्हाला ठाऊक आहे. शंभरातल्या तीन ग्राहकांच्या अंगावर हात कुठेतरी जागा सोडतात, का ते कळत नाही. कंपनीच्या एक्केचाळीस शाखांत हेच होतं. आता 'समलेप' नावाची दुरुस्ती आली आहे, गुरुवारी सकाळी सगळीकडे चढेल. मग तेल सगळ्यांना सगळीकडे सारखं लागेल. तोवर दिलगिरी म्हणून मॅडमना पायांचा चिखललेप आमच्याकडून.

मीनलताईंना चिखललेप नको होता. एकाच्याच बाबतीत, एकाच जागी, रोज तोच दोष? त्यांनी त्याला सरळ सांगितलं.

"हे बघा रेगे, काटा बिघडला तर सगळ्यांनाच चुकीचं वजन दाखवतो. माणूस बघून चुकतो ना, तो काटा बिघडलेला नसतो. तो कुणीतरी तसा लावलेला असतो. हे हात कुणी लावले?"

ओजसने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. नऊवारी नेसलेली, हसरी, दोन्ही तळवे पुढे धरलेली म्हातारी. खाली नाव होतं लीलाबाई घवाळी. ऊनतळ्याच्या पंचक्रोशीत पन्नास वर्षं बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावणारी बाई. कंपनीने तिच्या हातात दाब आणि ऊब टिपणारे पातळ मोजे चढवले, तीन महिने गावात फिरून तिची मालिश नोंदवून घेतली. हाताखाली काय लागलं की हात पुढे काय करतात, याचा तो सगळा साचा. कंपनी त्याला 'हस्तठसा' म्हणायची. दोन वर्षं यंत्र त्या ठशावर चालत होतं. यंत्राला कारणं माहीत नव्हती, नुसते हात माहीत होते.

म्हणजे ही म्हातारी मोजे घालून अंगचोरी करत होती, असा मीनलताईंनी निष्कर्ष काढला आणि बुधवारी सकाळी चहा झाल्या झाल्या तिचं घर गाठलं. गावातल्या जुन्या कुंडापासून पाच मिनिटांवर, पुढे तुळस, मागे दोन माड. लीलाकाकी ओट्यावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. वय चौऱ्याऐंशी. हात फोटोतल्यापेक्षा बारीक झालेले, पण बोटं अजून सरळ.

मीनलताईंनी काही आडपडदा ठेवला नाही. तुमचे हात जागा सोडतात, का सोडतात, असं तोंडावर विचारलं. लीलाकाकीने सोलणं थांबवलं. जागा कुठची, केवढी, हे विचारून घेतलं. मग तिने जे विचारलं ते मीनलताईंना अगदीच अनपेक्षित होतं.

"पाणी कोणी घातलं? तू?"

हो, मी, मीनलताई म्हणाल्या. तुझी कोण ती? धाकटी बहीण. घरात मोठी तू? हो, मीच. लीलाकाकीने ओट्यावरची सालं बाजूला सारून जागा केली. मग म्हणाली, "मग तुला सांगायला हरकत नाही, बाय. बस इथे."

तिने सांगितलं ते असं. ओल्या बाळंतिणीला तिच्या तोंडावर वाईट बोलायचं नाही. बाई धसका घेते, दूध आटतं. पण तेल लावताना हाताला कळतंच की. कुठे गाठ असते, कुठे कातडी खालच्या मांसावरून सरकत नाही, कुठे नको तेवढं ऊन, गरम लागतं. अशी जागा लागली की तीनदा दाबून खात्री करायची आणि तिला तेल लावायचं नाही. बाकी सगळं अंग चोपडायचं. मग न्हाणीत पाणी घालायला सासू यायची, नाहीतर आई. तेलाच्या अंगावरून पाणी पळतं, कोरड्या जागेवर पसरतं. सासूला दिसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून पोरीला डॉक्टरकडे न्यायची. लीलाकाकीची आईही असंच करायची. इथल्या सगळ्या सासवांना हे ठाऊक होतं, आता त्यातल्या फार थोड्या उरल्या.

मीनलताईंना शीतलची पाठ डोळ्यांपुढे दिसली. त्या आयुष्यभर कमी मापाच्या मागे धावलेल्या. जे सुटलंय ते कुणीतरी खाल्लंय, याखेरीज दुसरं काही त्यांच्या मनात आलंच नव्हतं. जे सुटलं होतं तोच निरोप होता, आणि तो त्यांनी दोन दिवस मोजपट्टीने मोजला होता. हे नेहमी खरं ठरतं का, त्यांनी विचारलं. लीलाकाकी म्हणाली, मी काही डॉक्टर नाही. दहातल्या चार वेळा काही निघायचं नाही, नुसती शीर धरलेली असायची.

उरलेल्या सहांबद्दल मीनलताईंनी विचारलं नाही. कंपनीला हे का नाही सांगितलं, एवढंच विचारलं. कोणी विचारलंच नाही, लीलाकाकी म्हणाली. नेहमी करता तसंच करा म्हणाले, तसंच केलं. मग तिला एकदम काहीतरी सुचलं.

"तिकडे वर पाणी कोण घालतं गो?"

कोणी नाही, मीनलताईंनी सांगितलं. काचेचा कप्पा आहे. आपोआप पडतं, साबणासकट.

लीलाकाकी झटक्यात उभी राहिली. मांडीवरच्या आठळ्या ओट्यावर सांडल्या तरी तिचं लक्ष गेलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी सांगत होते. दोन वर्षं सांगत होते. बघायलाच कोण नव्हतं."

परत वर जाताना मीनलताई मनात वाक्यं जुळवत होत्या. काहीतरी निमित्त काढावं, लीलाकाकीच्या त्या सासवांसारखं. पण शीतल सासुरवाशीण पोर नव्हती, चोपन्न वर्षांची बाई होती, आणि ताईला खोटं बोलता येत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. शीतल मिठाच्या खोलीतून नुकतीच बाहेर आली होती. मीनलताईंनी तिला बाकावर बसवून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

शीतल आधी हसली. म्हणाली, ताई, तुला कशाचा संशय आला नाही असा एक तरी दिवस गेलाय का गं? मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. गणिताची बाई ती. शंभरात तीन, दहात सहा, तिने मनातल्या मनात करून पाहिलं असावं. दोघींनी जेवणही केलं नाही. दुपारच्या बसने रत्नागिरी गाठली, मीनलताईंच्या जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. फऱ्याखालच्या स्नायूत खोल, सुपारीएवढी गाठ. कसली ते तुकडा तपासल्यावर कळेल, त्या म्हणाल्या, पण आणखी वर्षभर ही कुणाच्या हातालाही लागली नसती. तुम्हाला कळलं कसं?

शीतलने ताईकडे पाहिलं. ताईने खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि धाकटीसमोर रडायची त्यांना सवय नव्हती.

बुधवारी संध्याकाळी शीतलला खोलीत निजवून मीनलताई ओजसच्या कार्यालयात शिरल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सोनोग्राफीचा कागद त्याच्यासमोर ठेवला, लीलाकाकीचं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, उद्याची दुरुस्ती थांबवा. ओजसचा गोडपणा पहिल्यांदाच गळून पडला. त्याने पडद्यावर नोंदी काढल्या. 'वगळलेलं क्षेत्र' असा रकाना होता. या एका जलनिवासात दोन वर्षांत चारशे सतरा माणसं. प्रत्येकाच्या अंगाचा आराखडा, त्यावर एक राखाडी ठिपका. कुणाच्या पोटावर, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या काखेजवळ. बाकीच्या चाळीस शाखांचा आकडा त्याने काढला नाही आणि मीनलताईंनीही मागितला नाही.

या सगळ्यांना कळवा, त्या म्हणाल्या. ओजस म्हणाला, कळवता येत नाही. आम्ही वैद्यकीय स्पा नाही. तुमच्या अंगात काहीतरी आहे असं आम्ही म्हटलं की ते निदान झालं, आणि विनापरवाना निदान केलं की जलनिवासला उद्याच कुलूप. तेल लावायचं, पाणी घालायचं, बरं वाटेल असं करायचं, एवढंच आम्हाला करता येतं. म्हणूनच वरच्यांना हा दोष लवकर मिटवायचा आहे. त्यांना कारण कळलेलं नाही असं मी तुम्हाला म्हणालो. कळलेलं नाही की कळून घ्यायचं नाही, ते मला खरंच माहीत नाही.

हे शेवटचं वाक्य तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि मीनलताईंना हा माणूस पहिल्यांदा खरा वाटला. बत्तीस वर्षं नियमांची पुस्तकं कोळून प्यायलेल्या बाईला अशा वेळी रडू येत नाही, कलम आठवतं. त्यांनी त्याला विचारलं, पाणी घालायला परवाना लागतो? ओजस म्हणाला, नाही, पाण्याला कसला परवाना. मग उद्यापासून त्या काचेच्या कप्प्याला कुलूप घाला, त्या म्हणाल्या. मालिशनंतर बायकांना कुंडाच्या पायरीवर बसवा. पाणी लीलाबाई घालतील. जुनी पद्धत म्हणून तुमच्या माहितीपत्रकात शोभून दिसेल. निदान कोणी करणार नाही, कोणी काही बोलणारही नाही, बोलायचं ते घरच्या मोठ्या माणसाशी, आणि ते लीलाबाई त्यांच्या त्यांच्या बोलतील.

ओजसने डोकं दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाला, आठ दिवस. इथलं नेटवर्क बंद होतं म्हणून दुरुस्ती चढली नाही असं मी आठ दिवस म्हणू शकतो. त्यापुढे नाही. आणि ते चारशे सतरा? मीनलताईंनी विचारलं. त्याने पडदा बंद केला. मीनलताई खोलीवर गेल्या आणि आरोग्य खात्याला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा लिहायला बसल्या. पहिल्या वाक्यालाच अडल्या. काय लिहायचं? कंपनीने माल कमी दिला, की जास्त दिला आणि सांगितलं नाही?

गुरुवारी सकाळी दहाला लीलाकाकी आली. पदर खोचलेला, मीनलताईंचा तांब्या हातात. या दोन वर्षांत ती जलनिवासच्या आत पहिल्यांदाच येत होती. मालिशच्या खोलीच्या काचेतून तिने ते दोन रबरी हात बघितले, कुणाच्या तरी पाठीवर फिरताना. माझेच की, ती म्हणाली, आणि जरा वेळ तिथेच उभी राहिली. शीतलही पायरीच्या कडेला शाल लपेटून बसली होती. मुंबईची गाडी दुपारची होती, तपासणीची तारीख मिळाली होती, आणि तिला हे बघूनच जायचं होतं.

पहिल्या दोघींच्या अंगावरून पाणी पळालं. त्या हसत, बोलत कुंडात उतरल्या. तिसरी पस्तिशीची, केस बारीक कापलेले, नाव सांगितलं ऋजुता. पुण्याहून आली होती, कसल्याशा कंपनीत नकाशे काढायची. ती पायरीवर पाठमोरी बसली आणि म्हणाली, वा काकी, आमच्या शॉवरपेक्षा हे भारी आहे. लीलाकाकीने खांद्यावरून पाणी घातलं. थेंब पळाले. कमरेच्या वर, उजव्या अंगाला, ते पळाले नाहीत. पसरले.

मीनलताईंनी पाहिलं. शीतलनेही पाहिलं, आणि नकळत तिचा हात स्वतःच्या खांद्यामागे गेला.

लीलाकाकीने तांब्या पुन्हा भरला, पण ओतला नाही. अगदी सहज, आंब्यांची चौकशी करावी तशा आवाजात तिने विचारलं, "बरोबर कोण आलंय गो तुझ्या? आई, सासू?"

"नाही काकी, एकटीच आले."

"घरी मोठं कोण असतं?"

"कोणीच नाही. आई गेली चार वर्षांपूर्वी. घरी मीच मोठी, मीच धाकटी."

लीलाकाकीने मीनलताईंकडे पाहिलं. पन्नास वर्षांत तिने कधी कुणाला तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि इतर कुणाला सांगावं असं तिथे कोणी नव्हतं. कुंडातल्या दोघी गप्पा मारत होत्या. वाफ वर जात होती. भरलेला तांब्या म्हातारीने पायरीवर टेकवला. पाणी येत नाही हे बघून ऋजुताने मान मागे वळवली आणि हसून विचारलं,

"काय झालं काकी, काही राहिलंय का?"